स्प्लेंडर-ॲक्टिव्हावाल्या होंडाच्या मालकाला रेडिएटर नकोच होता, पण रेस ट्रॅकनं त्याचा हट्ट मोडून काढला

एखादी जुनी हिरो होंडा स्प्लेंडर स्टँडवर लावलेली दिसली तर वाकून तिच्या इंजिनकडे बघा. सिलेंडरच्या भोवती धातूच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. गाडी धुताना त्यात चिखल अडकतो म्हणून लोक वैतागतात, पण इंजिनचा ताप उतरवायचं काम त्याच पट्ट्या करतात.

गाडी पळाली की वारा लागतो, वारा उष्णता घेऊन जातो. विषय संपला. ना पाणी, ना रेडिएटर, ना कूलंट.

ॲक्टिव्हाचं इंजिन झाकलेलं असतं, त्याला वारा लागत नाही म्हणून तिथं छोटा पंखा बसवलेला असतो. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा आठवत असेल, तर तिथंही हाच पंख्याचा कारभार होता. याला म्हणतात एअर कूलिंग.

हे एअर कूलिंग एका माणसाच्या डोक्यात इतकं बसलं होतं की त्यानं ते थेट फॉर्म्युला वनच्या गाडीत घातलं. तो माणूस म्हणजे होंडा कंपनीचा संस्थापक सोईचिरो होंडा.

गोष्ट सुरू होते १७ नोव्हेंबर १९०६ ला. जपानच्या शिझुओका भागात, आजच्या हामामात्सु शहराच्या हद्दीत येणाऱ्या एका खेड्यात सोईचिरोचा जन्म झाला. वडील गिहेई लोहार, पुढं सायकल दुरुस्तीही करू लागले. आई मिका विणकाम करायची. पोराचं अभ्यासात लक्ष शून्य, पण भात्याजवळ बसायला सांगितलं तर दिवसभर हलायचा नाही.

एक दिवस गावात पहिल्यांदा मोटार आली. हे पोरगं तिच्यामागं धावत सुटलं. गाडी थांबली त्या जागी जमिनीवर इंजिन ऑईलचे थेंब सांडले होते. पठ्ठ्यानं खाली वाकून त्याचा वास घेतला आणि ते तेल हाताला चोळलं. हा किस्सा सोईचिरो म्हातारपणापर्यंत सांगायचे.

१९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो टोकियोला आर्ट शोकाई नावाच्या मोटार गॅरेजमध्ये कामाला लागला. मालक होते युझो साकाकिबारा. सुरुवातीला हातात पाना नाही तर मालकाचं तान्हं पोर देण्यात आलं. इंजिनं लांबून बघायची आणि बाळ सांभाळायचं, असे काही महिने गेले.

मग १९२३ मध्ये टोकियोत महाभयंकर भूकंप झाला, आगी लागल्या. गिऱ्हाइकांच्या गाड्या आगीतून बाहेर काढायच्या धावपळीत सोईचिरोनं आयुष्यात पहिल्यांदा मोटार चालवली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आणि या पोराच्या अंगात चाकाचा आनंद, असा विचित्र प्रकार होता.

साकाकिबारांना रेसिंगचा नाद होता. त्यांनी कर्टिस विमानाचं जुनं इंजिन एका अमेरिकन गाडीच्या सांगाड्यावर बसवून रेसची गाडी बनवली आणि १९२४ मध्ये तिनं शर्यतही मारली. चालवायला मालकाचा धाकटा भाऊ, शेजारी मेकॅनिक म्हणून सतरा-अठरा वर्षांचा सोईचिरो. त्या काळी धावत्या गाडीत मेकॅनिकला शेजारी बसावं लागायचं.

तो नाद त्याला आयुष्यभर पुरला आणि एकदा जिवावरही बेतला. ७ जून १९३६ ला टोकियोजवळच्या तामागावा ट्रॅकवर त्याची गाडी दुसऱ्या गाडीला धडकून उलटली. स्वतःला मार लागलाच, पण शेजारी बसलेला धाकटा भाऊ बेंजिरो त्याहून जबर जखमी झाला.

यानंतर सोईचिरो पिस्टन रिंगच्या धंद्यात घुसला.

पिस्टन रिंग म्हणजे पिस्टनभोवती बसणारं धातूचं कडं. दिसायला बांगडीएवढी साधी वस्तू, पण कामं तीन. जळालेला वायू खाली निसटू द्यायचा नाही, सिलेंडरच्या भिंतीवरचं जादा ऑईल खरवडून काढायचं आणि पिस्टनची उष्णता भिंतीकडं पोहोचवायची. म्हणजे इंजिनातली उष्णता बाहेर पडायच्या वाटेवर हे कडं मधोमध बसलेलं असतं.

सोईचिरोच्या रिंगा आधी जमेनात. टोयोटाला नमुन्याच्या ५० रिंगा दिल्या, त्यातल्या ३ पास झाल्या. मग गडी हामामात्सुच्या तांत्रिक शाळेत धातूशास्त्र शिकायला बसला. परीक्षा दिली नाही म्हणून डिप्लोमा मिळाला नाही, पण रिंगा मात्र जमल्या. १९४५ च्या भूकंपात कारखाना कोसळला तेव्हा त्यानं उरलेला धंदा टोयोटालाच विकून टाकला.

युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये खायचे वांधे होते. सैन्याच्या वायरलेस सेटला वीज पुरवणारी छोटी इंजिनं भंगारात पडली होती. १९४६ मध्ये सोईचिरोनं ती सायकलला जोडून विकायला सुरुवात केली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून घरातली शेकायची गरम पाण्याची बाटली वापरली होती.

२४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा नावाचा माणूस येऊन मिळाला. सोईचिरोनं इंजिन बघायचं आणि फुजिसावानं पैसा, विक्री, कारभार बघायचा, अशी वाटणी झाली. ती इतकी पक्की होती की अध्यक्षाचा शिक्कासुद्धा फुजिसावाकडेच असायचा. हा फुजिसावा लक्षात ठेवा, पुढं त्याचाच एक प्रश्न निर्णायक ठरणार आहे.

मोटरसायकलींनी कंपनीला जगभर नेलं. १९५८ ला सुपर कब आली. १९५९ ला होंडाच्या गाड्या आईल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरल्या आणि १९६१ ला तिथं १२५ आणि २५० सीसी असे दोन्ही गट जिंकल्या. या सगळ्या काळात सोईचिरोंच्या हाताखाली घडलेली इंजिनं होती वाऱ्यावर थंड होणारी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची मतं अशाच यशातून पक्की होत जातात.

इथं थोडं थांबून रेस ट्रॅकवर इंजिनाचं नेमकं काय होतं ते बघू.

पेट्रोल जळतं तेव्हा सिलेंडरच्या आत क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान जातं. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो ते ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण उष्णता सतत बाहेर काढली जाते. जळालेल्या पेट्रोलच्या एकूण शक्तीतला ढोबळमानानं एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि कूलिंगमधून घालवावी लागते.

रोजच्या रस्त्यावर सिग्नल लागतो, उतार लागतो, ॲक्सिलरेटर सुटतो. इंजिनाला दम घ्यायला वेळ मिळतो. ट्रॅकवर तसं नसतं. तास-दोन तास पाय दाबलेलाच, त्यामुळे उष्णता साठत जाते.

आणि पाण्याआधी काळजी करावी लागते ती ऑईलची. बेअरिंग, कॅम आणि पिस्टनच्या पोटापर्यंत पोहोचणारी एकच गोष्ट म्हणजे ऑईल. ते वंगण देतं तसं उष्णताही उचलतं. साधारण शंभर-एकशेवीस अंशांपर्यंत ते नीट काम करतं. त्याच्या फार वर गेलं की पाण्यासारखं पातळ होतं, दोन धातूंमधला तेलाचा पापुद्रा तुटतो, धातू धातूला घासतो आणि इंजिन जाम. म्हणून ट्रॅकवर गाडी नेणारे लोक कूलंटच्या काट्याइतकंच ऑईलच्या काट्याकडं बघतात आणि ऑईलसाठी वेगळा कूलर बसवतात.

आता पाणी विरुद्ध हवा. एक किलो पाणी एक अंशानं तापायला जेवढी उष्णता घेतं, तेवढ्यात चार किलो हवा एक अंशानं तापते. त्यात हवा हलकी, त्यामुळे तेवढीच उष्णता न्यायला प्रचंड हवा लागते. शिवाय पाणी इंजिनाच्या कानाकोपऱ्यात फिरवता येतं आणि थर्मोस्टॅटनं त्याचं तापमान एका जागी धरता येतं. हवा पुढच्या बाजूला भरपूर लागते, मागच्या बाजूला कमी. एक सिलेंडर गार, दुसरा तापलेला. मग उरलेला सगळा भार बिचाऱ्या ऑईलवर.

सोईचिरोंचं म्हणणं वेगळं होतं. वॉटर कूल्ड इंजिनातलं पाणी तरी शेवटी कोण गार करतं? रेडिएटरमधून जाणारी हवाच. मग मधे पाण्याचा दलाल कशाला? सरळ हवेनंच इंजिन गार करा. रेडिएटर नको, पंप नको, पाइप नको, गळती नको. वजन कमी, भानगड कमी.

ऐकायला एकदम पटतं आणि लहान इंजिनात ते खरंही आहे.

होंडा १९६४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरली. पहिल्या गाड्यांची इंजिनं वॉटर कूल्डच होती. २४ ऑक्टोबर १९६५ ला मेक्सिको सिटीत, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून जास्त उंचीवरच्या विरळ हवेत, रिची गिंथरनं कंपनीला पहिला विजय मिळवून दिला. १९६७ ला इटलीत मोंझा इथं जॉन सर्टीजनं दुसरा. हा सर्टीज साधा गडी नव्हता. मोटरसायकल आणि कार, दोन्हींचा जगज्जेता झालेला तो एकमेव माणूस.

पण होंडाच्या तीन लिटरच्या गाड्या कितीतरी जड होत्या. सोईचिरोंनी उपाय काढला तो त्यांच्या आवडीचा. नवी गाडी, मॅग्नेशियमची हलकी बॉडी आणि तीन लिटरचं एअर कूल्ड व्ही-८ इंजिन. नाव आरए ३०२.

इंजिनाचं काम तादाशी कुमे या तरुण इंजिनिअरकडं होतं. हवेनं हे इंजिन गार होणार नाही असं त्याचं मत, पण साहेबांपुढं बोलणार कोण? कंपनीत सोईचिरोंना ओयाजी म्हणत, म्हणजे आपल्याकडं कारखान्यातली पोरं मालकाला म्हातारबा म्हणतात तसं. माया करायचे तसे तापायचेही, आणि तापले की हातात असेल ते फेकायचे.

सर्टीजनं गाडी चालवून बघितली आणि स्पष्ट नकार दिला. इंजिन तापतंय, गाडी तयार नाही, ही शर्यतीत उतरवायची नाही, असं त्याचं मत पडलं. सर्टीजसाठी जुनी वॉटर कूल्ड गाडी ठेवण्यात आली.

पण ७ जुलै १९६८ ची फ्रेंच ग्रांप्री जवळ आली होती. होंडाच्या फ्रान्समधल्या शाखेच्या नावानं आरए ३०२ ची नोंदणी झाली आणि चालवायला फ्रेंच ड्रायव्हर जो श्लेसर मिळाला. वय ४०. जागतिक स्पर्धेत खरीखुरी फॉर्म्युला वनची गाडी त्याला पहिल्यांदाच मिळत होती. नाही कसं म्हणणार?

ट्रॅक होता रुआँचा. गंमत म्हणजे याच ट्रॅकवर १९६२ मध्ये पोर्शची एअर कूल्ड गाडी जिंकली होती. पण ते इंजिन दीड लिटरचं होतं आणि होंडाचं तीन लिटरचं.

त्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या फेरीत उतारावरच्या वळणावर श्लेसरची गाडी सुटली, कडेच्या बांधावर आदळली आणि पेटली. टाकी जवळपास भरलेली, बॉडी मॅग्नेशियमची. मॅग्नेशियम पेटलं की पाण्यानं विझत नाही, उलट भडकतं. श्लेसर तिथंच गेला.

त्याच शर्यतीत सर्टीज जुन्या वॉटर कूल्ड होंडातून दुसरा आला.

अपघाताला एअर कूलिंगच कारणीभूत होतं असं म्हणणं चुकीचं ठरेल. ओला रस्ता होता, उतार होता, गाडी ड्रायव्हरला नवखी होती. पण ज्या गाडीला संघाच्या पहिल्या ड्रायव्हरनं नकार दिला होता ती एका हट्टापायी शर्यतीत उभी राहिली, हे कुणाला नाकारता येत नाही. वर्षाअखेर होंडानं फॉर्म्युला वन सोडलं. श्लेसरचा मित्र गी लिजिए यानं पुढं स्वतःच्या रेसिंग गाड्यांना जेएस ही अक्षरं दिली, जो श्लेसरची आठवण म्हणून.

एवढ्यानं तरी सोईचिरो थांबतील असं वाटेल. नाही थांबले.

१९६९ ला बाजारात आली होंडा १३००. घरगुती गाडी, १२९८ सीसी, एअर कूल्ड, १०० अश्वशक्ती. त्या काळात एवढ्याशा इंजिनातून इतकी ताकद म्हणजे नाद खुळा. ऑईल रेसच्या गाडीसारखं वेगळ्या टाकीत, म्हणजे ज्याला ड्राय संप म्हणतात ते. पण हवेकडून पाण्याचं काम करून घ्यायला सिलेंडर ब्लॉकला दुहेरी भिंती करून मधून पंख्यानं हवा ढकलावी लागली. ओतकाम किचकट, खर्च जास्त आणि इंजिन इतकं जड की एअर कूलिंगचा मुख्य फायदाच उडाला. पुढची बाजू जड म्हणून टायर वेडेवाकडे झिजायचे. सोईचिरो रोज नवी सुधारणा सुचवायचे, कारखान्यात बदलांवर बदल.

कुमेनं तर कामावर येणंच बंद केलं. काही दिवस गडी गायब.

इंजिनिअर लोकांना दुसरीच चिंता होती. अमेरिकेत गाड्यांच्या धुराविरुद्ध कडक कायदा येऊ घातला होता. १९७० ला तो आला आणि धुरातले विषारी घटक ९० टक्क्यांनी कमी करायचं बंधन पडलं. धूर स्वच्छ करायचा तर सिलेंडरचं तापमान काटेकोर धरावं लागतं. गार पडलं तर न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं, जास्त तापलं तर नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. वाऱ्याच्या भरवशावर हे होणार नव्हतं. रेस ट्रॅकवर जे दिसलं होतं तेच आता साध्या गाडीच्या दारात येऊन उभं राहिलं.

१९६९ च्या उन्हाळ्यात ही पोरं फुजिसावाकडं गेली. फुजिसावाला इंजिनातलं कळत नव्हतं आणि तो ते मान्य करायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सोईचिरोंना एकच विचारलं, तुम्हाला कंपनीचा अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून?

वीस वर्षांत फुजिसावानं त्यांच्या कामात कधी नाक खुपसलं नव्हतं. सोईचिरो बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की अध्यक्ष म्हणून राहिलेलं बरं. म्हणजे पोरांना वॉटर कूल्ड करू देणार? हो, करू देतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनिअर मंडळींना परवानगी दिली. चेहरा पडलेला होता म्हणे, पण शब्द फिरवला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. १९७१ ला वॉटर कूल्ड लाइफ आली, १९७२ ला सिविक. त्याच वर्षी सीव्हीसीसी इंजिन जगासमोर आलं. एका छोट्या कप्प्यात घट्ट मिश्रण पेटवायचं आणि त्या ज्योतीनं मोठ्या कप्प्यातलं पातळ मिश्रण जाळायचं, अशी ती युक्ती. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकी चाचणीत हे इंजिन नव्या मर्यादेत बसलं, तेही सगळ्यात आधी. परवाना घ्यायला कोण आलं? टोयोटा. ज्यांनी ५० पैकी ४७ रिंगा परत पाठवल्या होत्या तेच.

या विजयानं सोईचिरो खूश झाले. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांना मागं टाकायची संधी आली, असं ते पोरांना सांगत सुटले. पोरांनी उत्तर दिलं की आम्ही हे कंपन्यांना हरवायला नाही, समाजासाठी करतोय. सोईचिरोंना ते लागलं. आपण मागं पडलो, हे त्यांच्या लक्षात आलं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये सोईचिरो आणि फुजिसावा दोघांनी एकदम निवृत्ती घेतली. खुर्चीवर बसला ४५ वर्षांचा कियोशी कावाशिमा. आणि त्याच्यानंतर, १९८३ मध्ये, तिसरा अध्यक्ष कोण झाला? तोच कामावर न येणारा तादाशी कुमे.

निवृत्तीनंतर सोईचिरो देशभरातल्या कारखान्यांत आणि डीलरकडे जाऊन प्रत्येकाशी हात मिळवत फिरले. एकदा एका कामगारानं हात पुढं केला आणि ऑईलनं काळा झालाय म्हणून लाजून मागं घेतला. सोईचिरोंनी तोच काळा हात धरला, आणि त्या ऑईलचा वास घेतला.

होंडा १९८३ ला इंजिन पुरवठादार म्हणून फॉर्म्युला वनमध्ये परतली. १९८८ ला मॅक्लारेन-होंडानं १६ पैकी १५ शर्यती मारल्या. हुकली ती एकच, मोंझाची. तिथं आघाडीवर असलेला आयर्टन सेन्ना मागं पडलेल्या एका गाडीला ओलांडताना अडकून बाहेर गेला. ती गाडी चालवत होता जाँ-लुई श्लेसर, रुआँला गेलेल्या जो श्लेसरचा पुतण्या.

५ ऑगस्ट १९९१ ला टोकियोत सोईचिरो होंडा गेले. वय ८४. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढायची नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गाड्या बनवणाऱ्या माणसामुळे रस्त्यावर ट्रॅफिक जाम नको, एवढंच कारण.

सहा दिवसांनी हंगेरीत ग्रांप्री होती. सेन्ना दंडाला काळी पट्टी बांधून उतरला आणि पहिला आला. त्याच्या पाठीमागं होंडाचं व्ही-१२ इंजिन होतं, वॉटर कूल्ड.